घरचा शब्द

“हा तुला. तुझ्या घरचाच शब्द आहे.”

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. एम.ए. इंग्रजी, धाराशिवचं कॉलेज. प्रत्येकानं एका इंग्रजी शब्दाचं मूळ शोधून वर्गात सांगायचं, त्यावर इंटर्नलचे मार्क. कुणाच्या वाट्याला ‘शुगर’ आला, कुणाच्या ‘मँगो’. माझ्या वाट्याला ‘पॅरिया’. म्हणजे वाळीत टाकलेला. माझे वडील, आबा, हलगी वाजवतात, हे सरांना ठाऊक होतं. माझी कानशिलं तापली.

लायब्ररीत जाडजूड कोश उघडला. इंग्रजांनी तो शब्द पोर्तुगीजांकडून उचललेला. पोर्तुगीजांनी तमिळमधून. तमिळमध्ये ‘परै’ म्हणजे कातड्याचं वाद्य. ते वाजवणारे, ते परैयर. बस, एवढंच. रागानं डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात गावी, ईटला, लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला. घोड्यापुढं आबांची हलगी. नवरदेव देवळाच्या पायऱ्या चढला, वऱ्हाड चढलं. आबा खाली उन्हात. वरून कुणीतरी ओरडलं, “थांबू नगंस रं, वाजव!” हलगीशिवाय नवरदेव घरातून हलत नाही, आणि हलगीवाल्याला पायरी नाही. लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी बघवलं नाही.

“आबा, हलगी द्या. कॉलेजात न्यायचीय.”

“त्यासाठी शिकाया धाडलं व्हय तुला? लई हसतील, माय.”

“हसून झालंय त्यांचं.”

माझी पाळी आली. वर्गामागं कडबा पेटवला. तापवल्याशिवाय हलगी बोलत नाही. धूर बघून सर धावत आले.

“अक्कल आहे का? कॉलेज आहे हे!”

तापलेली हलगी घेऊन मी वर्गात शिरले. सगळं मूळ सांगितलं, पार तमिळपर्यंत. मग म्हणाले, “वाजवणारा हा अर्थ आमच्या घरचा, सर. वाळीत टाकलेला हा मागून चिकटवलेला. तो तुमच्या घरचा.”

सरांनी दाराकडं बोट केलं.

“बाहेर हो. मार्क विसर.”

मार्क गेले तर वर्ष जाणार. तरी जागची हलले नाही. काठी मारली. पहिला ठोका चुकला. दुसरा भिंतींवर आदळला.

संध्याकाळी ईटच्या एसटीत बसले ते ठरवूनच. पुढच्या लग्नात आबा पायरी चढतील, नाहीतर नवरदेव मारुतीला हलगीविना जाईल. आबा नको म्हणाले तर? म्हणू देत. हलगी माझ्या मांडीवर होती. पायरीखाली वाजवायला ती मी कुणाला देणार नाही. आबांनासुद्धा.