सिनेमातल्या कारकुनाच्या गावी

नऊ वर्षं मी हा ब्लॉग लिहिते आहे आणि सहल का ठरली हे दर वेळी पहिल्याच परिच्छेदात सांगते. कधी स्वस्त तिकीट मिळालं म्हणून, कधी ह्यांना रिटायरमेंटचा कंटाळा आला म्हणून. या वेळची सहल लाज वाटली म्हणून ठरली. ही पोस्ट चार महिने ड्राफ्टमध्ये पडून होती. जिच्याबद्दल आहे तिला आधी वाचायला पाठवली. तिने दोन ओळी काढायला लावल्या आणि मग "आता टाका" असं कळवलं. नावं, पत्ते आणि ओळख पटेल अशा खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

सुरुवात एका तमिळ सिनेमापासून झाली. भाचा म्हणाला, मावशी, चल, सबटायटल्स असतात. रविवारी सकाळचा शो, थिएटरात आम्ही दोघं सोडून बहुतेक तमिळ आयटीवाली पोरं. गोष्ट अशी: हिरो नोंदणी कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात कामाला, हिरॉईन आमदाराची पुतणी. आमदाराने गावचं तळं बुजवून ती जमीन खोट्या नावांवर चढवलेली आणि त्याची कागदपत्रं याच दुकानातून जातात. दोघं प्रेमात पडतात, कागदांवरून त्यांना सगळा घोटाळा कळतो आणि ते रजिस्टर लग्नाची नोटीस देतात. ही नोटीस कचेरीच्या बोर्डावर महिनाभर लावायची असते. तिथला एक कारकून गुपचूप त्या नोटिशीचा फोटो काढून आमदाराच्या घरी पाठवतो. पुढे पाठलाग, मारामाऱ्या, पावसातलं गाणं, सगळं रीतसर.

कारकून पडद्यावर जेमतेम दोन मिनिटं आहे. पोरीच्या भल्यासाठी केलं, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडी आहे. त्यावर थिएटरभर शिव्या पडल्या. भाचाही हसत हसत म्हणाला, "काय हलकट माणूस आहे." मी पॉपकॉर्नच्या डब्यात बघत बसले, कारण दोन वर्षांपूर्वी तसाच फोटो मी काढला होता.

भाच्याच्या लग्नाचा दाखला काढायला मी त्याच्याबरोबर गेले होते. कुठेही गेले की बोर्डांचे फोटो काढायचे ही माझी ब्लॉगची सवय. वेळा, फी, लागणारी कागदपत्रं. वाचकांना उपयोगी पडतात. शेजारी काचेच्या कपाटात लग्नाच्या नोटिसा होत्या आणि त्यातल्या एकीवर सायलीचा फोटो होता. सायली आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतली, तिसऱ्या मजल्यावरची, माझ्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झालेली. मुलाचा पत्ता बिबवेवाडीचा. मुलाचं आडनाव वाचलं. परत एकदा वाचलं. मी स्वतःला पुरोगामी समजते. बँकेत माझ्या अशा आडनावाच्या दोन मैत्रिणी होत्या हे मी कुणी न विचारता सांगत असते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हे, की तिच्या आईवडिलांना कळायला हवं.

तोंडावर जाऊन सांगायची हिंमत नव्हती. म्हणून फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "अभिनंदन सायली, पेढे कधी?" पेढ्यांचा नुसता आव होता. दहा मिनिटांनी भीती वाटून डिलीट केला, तोवर सव्वीस जणांनी पाहिला होता. सायलीचा मामा माजी नगरसेवक, परत तिकिटाच्या खटपटीत. अंधार पडायच्या आत फोटो त्याच्याकडे पोचला. सायलीचा फोन काढून घेतला गेला. चौथ्या दिवशी बिबवेवाडीत मुलाच्या आईच्या पोळी-भाजी केंद्राची पत्र्याची शेड अतिक्रमण म्हणून पाडली. शेजारच्या सगळ्या शेड जागच्या जागी राहिल्या. महिन्याभराने सायली घरातून निघून गेली. मुलगा मोठ्या कंपनीत होता, त्याने दक्षिणेत बदली मागून घेतली, आईलाही नेलं आणि त्या दोघांनी तिकडेच लग्न केलं. ग्रुपवर कुणी मला एका शब्दानेही बोललं नाही. गणपतीत आरतीला सगळ्यांनी नेहमीसारखंच बोलावलं.

सिनेमा पाहून आल्यावर मी सायलीच्या एका मैत्रिणीकडून तिचा नंबर मिळवला आणि मेसेज केला, की मला भेटून माफी मागायची आहे. चार दिवसांनी उत्तर आलं: "या. कुणाला सांगू नका." ह्यांना मी सिनेमाची लोकेशन्स बघायला जाते म्हणून सांगितलं. हे म्हणाले, "या वयात?" आणि पेपर उलटला.

आता नेहमीचे तपशील. पुण्याहून दुपारच्या गाडीने चेन्नईला साधारण वीस तास लागतात. थ्री एसी पुरे. बरोबर दशम्या आणि कोरडी चटणी घ्या, कारण पँट्रीचा भात सोलापूरनंतर सारखाच लागतो. सकाळी रेणिगुंट्याला प्लॅटफॉर्मवर इडली-वडा चांगला मिळतो. एका बाईंनी मला वर्तमानपत्रात बांधून दिला, चटणीसकट, आणि एक थेंब सांडला नाही. चेन्नईत एग्मोर स्टेशनजवळ मुक्काम केलात तर दुसऱ्या सकाळची कुंभकोणमची गाडी सोयीची पडते. खिडकीची जागा घ्या. कावेरीचा मुलूख सुरू झाला की दोन्ही बाजूंना इतका हिरवा भात दिसतो की डोळे निवतात. माझे काही फार निवले नाहीत. मी अख्खा रस्ता सायलीला पहिलं वाक्य काय बोलायचं याची उजळणी करत होते.

कुंभकोणमला डिग्री कॉफी, म्हणजे निर्भेळ दुधाची फिल्टर कॉफी, प्यायलाच हवी. पितळी वाटी आणि पेल्यात येते, वीस-पंचवीस रुपये, आणि साखर कमी हवी असेल तर आधी सांगायचं. केळीच्या पानावरचं जेवण सव्वाशेच्या आत होतं, रस्सम तिसऱ्यांदाही वाढतात. तंजावर तिथून तासाभरावर आहे. मराठी माणूस तिथे गेल्याशिवाय राहत नाही, मी मात्र या खेपेला गेले नाही. जुनी पोस्ट आहे, ती वाचा.

सिनेमातली कचेरी अर्ध्या तासावरच्या एका गावात आहे. रिक्षावाल्याने मोबाईलवर सिनेमाचं पोस्टर पाहिलं आणि विचारल्याशिवाय सगळं दाखवायला लागला. झेरॉक्सचं दुकान खरंच आहे आणि मालकाने बाहेर हिरोचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केलाय. कॉलेजच्या दोन मुली त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत होत्या.

"हीरो हियर, मॅडम. हीरोइन देअर," रिक्षावाला म्हणाला.

"और वो क्लार्क? क्लार्क कहाँ खडा था?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "क्लार्क? बॅड फेलो, मॅडम. नोबडी आस्किंग."

मीच आत गेले. व्हरांड्यात बोर्ड होता, लाकडी चौकट, जाळीचं दार. आत पिवळे पडलेले कागद होते, सगळे तमिळमध्ये. एका कागदावर मुलगा-मुलीचे दोन फोटो चिकटवलेले होते. ते सिनेमातले नव्हते. खरेच कुणीतरी दोघं होते, केसांना तेल लावून, घाबरून कॅमेऱ्याकडे बघणारे. एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी सगळं कळत होतं. मी पर्सची चेन लावली आणि बाहेर आले. त्या दिवशीचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी सायली राहते त्या शहरात गेले. शहराचं नाव, बसचं तिकीट, स्टँडपासूनचं अंतर यातलं काही या पोस्टमध्ये मिळणार नाही. मामाची माणसं अजून चौकशी करतात. कमेंटमध्ये विचारू नये.

सायली स्कूटरवर घ्यायला आली. बारीक झाली होती, पण चेहरा तोच. स्टँडसमोरच्या बेकरीत तिने दोन चहा सांगितले. मी उजळणी केलेलं सगळं घडाघडा बोलून टाकलं. पेढ्यांचा आव, आडनाव दोनदा वाचलं, तेही सांगितलं. रडले. तिने टिश्यू पुढे सरकवला.

"झालं?" ती म्हणाली.

"सायली, मला तुझ्या सासूबाईंचीही माफी मागायची आहे. पाया पडून मागेन."

"ते नाही करायचं."

"अगं, पण त्यासाठीच आलेय मी."

"काकू, ते कळलं मला. तुम्ही माफी मागाल, रडाल, हलक्या होऊन पुण्याला जाल. आईंना काय मिळेल? मी त्यांना सांगितलंय की कचेरीतल्या कारकुनाने फोटो पाठवला. माझ्या आईच्या खालच्या मजल्यावरच्या बाईने टाकला हे कळलं, तर त्या आमच्या सोसायटीची पायरी कधी चढायच्या नाहीत. आणि मला एक दिवस माझी आई आणि या आई एका घरात जेवायला बसवायच्या आहेत. तेव्हा तुमची माफी तुमच्याकडेच ठेवा."

मी म्हटलं, मग मी इथूनच परत जाते. ती म्हणाली, "तेही नाही. पुण्याची पाहुणी येणार म्हणून त्या सकाळपासून स्वयंपाकघरात आहेत. जेवून जा."

सायलीच्या सासूबाईंचं, सुमनताईंचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक मोठं स्वयंपाकघर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मोगऱ्याच्या गजऱ्याचा तुकडा. ताई माझ्याच वयाच्या. इथेही त्या घरून डबे देतात. या भागात सोनं गाळायच्या धंद्यातली आटपाडी-खानापूरकडची मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांना पोळी लागते. जेवायला भरलं वांगं, ज्वारीची भाकरी, पोळी, लसणाची चटणी होती. पीठ कुठून आणता म्हटल्यावर त्यांनी दहा मिनिटं पिठावर सांगितलं. मग पुण्यावर आल्या.

"बिबवेवाडीत माझ्या पोळीला लाइन लागायची, ताई. गाडी आली तेव्हा तवा तापलेला होता. एका पोराने तसाच उचलला, हात भाजला त्याचा. मीच पाणी घातलं त्याच्या हातावर. त्याची काय चूक? त्याला कुणीतरी धाडलेलं."

मी भाकरी मोडत होते. सायली माझ्याकडे न बघता पाणी ओतत होती.

"कुठल्या कारकुनाने फोटो पाठवला म्हणतात," त्या म्हणाल्या. "मला त्याच्याशी भांडायचं नाही. भेटला तर एकच विचारीन. सहज पाठवलास, का आमचं आडनाव वाचून पाठवलास? खरं सांग म्हणेन. खरं सांगितलं तर जेवायला वाढीन मी त्याला."

मला उत्तर माहीत होतं. मी त्यांच्याच ताटात, त्यांच्याच हातचं जेवत होते. भाकरीचा तुकडा वांग्याच्या रशात नुसताच फिरवत राहिले. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नाही आणि ती दाखवायचीही मुभा नव्हती. त्यांनी विचारलं, "तिखट झालं का?" मी हो म्हणून मान हलवली आणि पाणी प्यायले. त्यांनी आणखी एक पोळी वाढली, वर तूप.

निघताना त्या म्हणाल्या, "सायली सांगत होती, तुम्ही लिहिता म्हणे फिरायच्या जागांवर. आमचं लिहा की. फोटो काढा माझा, पत्ता टाका. पुण्याकडची माणसं इकडे देवदर्शनाला येतात, त्यांना पोळी मिळंल."

नऊ वर्षांत कितीतरी खानावळवाल्यांनी मला हेच सांगितलं असेल आणि मी प्रत्येकाचं लिहिलं. सुमनताईंना मी म्हटलं, फोन बंद पडलाय. फोन पर्समध्ये वाजला. त्या हसल्या. सायलीने मला स्टँडवर सोडलं आणि बस लागेपर्यंत थांबली. "माझ्या आईला काही बोलू नका," एवढंच म्हणाली. "ती बाबांपासून काही लपवू शकत नाही आणि बाबा मामापासून." मी शब्द दिला. माझ्या शब्दाला तिच्या लेखी काय किंमत असेल ते मला माहीत होतं. ती "बरं" म्हणाली आणि स्कूटर वळवली.

परतीचा प्रवास विशेष नाही. चेन्नईहून गाडी तीन तास उशिरा सुटली. या सहलीला सगळा मिळून माझा साडेनऊ हजार खर्च झाला, एकटीचा. काय राहिलं म्हणाल तर भातशेतीचा हिरवा रंग धूसर झालाय, कॉफीची चवही. सुमनताईंचा प्रश्न मात्र रोज भाकरी थापताना ऐकू येतो. त्यांना एकदा खरं सांगायचं होतं, तेच सांगता आलं नाही. हलकं व्हायला गेले होते, ते जमलं नाही, आणि सायली म्हणाली ते बरोबरच होतं असं आता वाटतं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावरच्या शुभदाताई आल्या. सायलीची आई. हातात वाटी, विरजण हवं होतं. त्यांच्याकडे रोज दही लागतं, विरजण संपलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी फ्रिजमधून दही काढलं. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या.

"दक्षिणेत जाऊन आलात म्हणे."

"हो. सिनेमाची लोकेशन्स बघायला."

"छान. कुठे कुठे गेलात?"

मी कुंभकोणम सांगितलं, कॉफी सांगितली, रस्सम तिसऱ्यांदा वाढतात ते सांगितलं. त्या ऐकत होत्या. वाटीच्या काठावरून बोट फिरवत होत्या.

"तिकडे मराठी माणसं बरीच असतात ना?"

"असतात."

"ओळखीचं कुणी भेटलं का?"

दोन वर्षं या बाईने लेकीचा आवाज ऐकला नव्हता. ती बारीक झालीय, स्कूटर चालवते, सासूला आई म्हणते आणि तुम्हाला एक दिवस जेवायला बसवणार आहे, एवढं सांगितलं असतं तरी तिला रात्रीची झोप लागली असती. सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही भेटलं."

त्यांनी वाटी घेतली, दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उलट विश्वासच होता.

"नसेलच भेटलं," त्या म्हणाल्या. "भेटलं असतं तर तुमच्या पोटात थोडंच राहिलं असतं."