पडायचं, पण बाद व्हायचं नाही

शाळेच्या बेसबॉल संघात मला पळण्यासाठी घेतलंच नव्हतं. पळण्यात मी शेवटून पहिली. "तुले पडता चांगलं येते," सर म्हणाले आणि सगळ्या पोरी खिदळल्या. मला राग आला. पण बोलणं खरं होतं. चार वर्षं कबड्डी खेळलेल्या मुलीला आर्वीच्या मैदानातल्या ढेकळांची भीती उरत नाही.

सरांचा डाव असा होता. आमची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, मी पहिल्या. मी दुसऱ्या बेसकडे पळायचं आणि मध्येच अडखळून पडायचं. ही आयती सापडली असं समजून समोरच्या मुली चेंडू माझ्याकडे फेकणार. मी उठून दोन बेसच्या मध्ये त्यांना खेळवत ठेवायचं, तेवढ्यात तिसऱ्या बेसवरची होम, म्हणजे चेंडू टोलवायची जागा, गाठणार आणि आम्हाला रन मिळणार. दोघी आधीच बाद असतील तर तिसरी बाद होताच डाव संपतो, म्हणून अट एकच: ती होमला पोचेपर्यंत मी बाद व्हायचं नाही.

पहिल्या वर्षी वर्ध्याला, जिल्ह्याच्या सामन्यात, शेवटच्या डावात आम्ही एका रनने मागे आणि दोघी बाद. मी झकास पडले. उठले, पळाले, वळले. तेवढ्यात समोरच्या एका मुलीचा चामडी ग्लोव्ह पाठीला लागला. मी हात वर केला आणि सरळ आमच्या बाकाकडे चालू लागले. कबड्डीत हेच शिकलो होतो. हात लागला की बाद, पंचांनी सांगायची वाट बघायची नाही. त्यातच आमची इभ्रत होती.

"अवं, चालली कुठं?" सर ओरडले. "चेंडू तिच्या दुसऱ्या हातात हाये!"

रिकाम्या ग्लोव्हने कोणी बाद होत नाही. पण मी बेसची वाट सोडून निघाले होते, म्हणून पंचांनी बाद दिलं आणि होमपासून चार पावलांवर आलेल्या आमच्या मुलीची सगळी धाव पाण्यात गेली. हरलो. परतीच्या एसटीत मी एकटीच मागच्या सीटवर जाऊन बसले. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त चीड येत होती. मी खरेपणाने वागले आणि नेमकं तेच चुकलं!

"पुढच्या साली घेतो तुले," सरांनी नंतर स्पष्टच सांगितलं. "पन हे जमलं नाई, तं संघात जागा नाई. दुसरं काई नाई तुयापाशी."

पुढचं वर्ष दहावीचं, म्हणजे शाळेतलं शेवटचं. मी हट्टाला पेटले. रोज शाळा सुटली की संघातल्या दोघींना दोन टोकांना उभं करायचे आणि मध्ये पळायचे. त्यांनी मला रिकामा ग्लोव्ह लावायचा, मी थांबायचं नाही. आणि मी थांबायचेच. डोक्याला कळत होतं, पाय ऐकत नव्हते. घरी आईला हे सांगितलं तर तिला चेवच आला. मी पाण्याची बादली घेऊन अंगणातून निघाले की मागून येऊन पाठीत थाप. मी थबकले की म्हणायची, "थांबली! झालं तुयं बेसबॉल!" वर पाणी सांडलं म्हणून बोलणीही मलाच. पोळ्याच्या आधी एकदा अशीच थाप बसली आणि मी चालतच राहिले. आईच मागे उभी राहिली.

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. शेवटचा डाव आमचा, बरोबरी, दोघी बाद, आमची एक तिसऱ्या बेसवर, मी पहिल्या. सरांनी टोपी काढून खूण केली. मी पळाले आणि पडले. गुडघा खरोखरच फुटला. चेंडू आला, मी उठले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. खांद्याला ग्लोव्ह लागला, हलका, रिकामा. पाय घुटमळले. नाही थांबायचं, मी स्वतःलाच मोठ्याने बजावलं आणि वळले. आणखी पाच पावलं काढली. मग त्यांच्या पहिल्या बेसवरच्या मुलीने चेंडूसकट ग्लोव्ह कमरेत असा हाणला की मी मातीत लोळले.

ती धापा टाकत माझ्यावर वाकली. "नाटकी कुठली! झाली ना बाद?"

मी मान वळवून पाहिलं. आमची मुलगी केव्हाच होमवर उभी होती आणि पंच रन देत होते.

"हो," मी म्हणाले. "पन आत्ता झाली."