बॉनेटमधला नाग

आमच्या गाडीत नाग नव्हता, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पण मुधाळ तिट्ट्यावर जमलेल्या तीस-पस्तीस माणसांपैकी निम्म्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे तिथं माझ्यावर आजही कोणी विश्वास ठेवणार नाही.

निघालो होतो कोल्हापुरातून गारगोटीला, आमच्या केतकीच्या साखरपुड्याला. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. तो हुकला तर पुढचा सव्वा महिन्यानं, आणि नवरामुलगा दुबईहून आठच दिवसांच्या रजेवर आलेला! म्हणून मी व्याह्यांना चार वेळा फोन करून बजावलं होतं, "अकरा बेचाळीस म्हणजे अकरा बेचाळीस. त्रेचाळीस नव्हे." प्रवासाला दीड तास, अडचणींना अर्धा तास, असा हिशेब करून नऊ चाळीसला गाडी हलली.

आणि हलतच राहिली! पळताना ठीक, पण थांबली की थडथड. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एरवी आठशेवर मुकाट उभा असतो. तो पाचशे ते बाराशे फुगड्या घालत होता. गावाबाहेर पडेपर्यंत दोन सिग्नलला गाडी बंद पडली.

"मम्मी, टिकली कुठं लावतीयस? नाकावर आली!" मागून केतकी ओरडली.

"मी काय करू? तुझ्या पप्पांस्नी सांग, गाडी धरा म्हणून!"

शेजारी बसलेले माझे मेहुणे, बाजीराव, शांतपणे म्हणाले, "दाजी, पेट्रोल पाणचट हाय." (त्यांच्या मते जगातल्या सगळ्याच गोष्टी पाणचट आहेत. आमच्या घरचा चहासुद्धा.)

मुधाळ तिट्ट्यावर गतिरोधक आला आणि गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. अकरा वाजून चार मिनिटं. पुन्हा चालू केली, तर बॉनेटमधून आवाज आला: फुस्स्स!

बाजीराव दार उघडून थेट रस्त्याच्या पलीकडे! "दाजी, उतरा! आत नाग हाय!"

पाठोपाठ केतकी शालू गुडघ्यापर्यंत धरून, आणि तिच्यामागं तिची आई, ओटीच्या नारळासकट. मिनिटात गर्दी.

"नाग न्हवं, धामण हाय ती. शेपूट बघितलं मी."

"पावणं, बॉनेट उघडू नगासा. तोंडावर येतंय."

"सर्पमित्राला फोन लावा की!"

लावला. तो शाहूवाडीला अजगर धरायला गेला होता. तीनपर्यंत येतो म्हणाला.

मी पद्धतशीर माणूस. गाडीत एकटा बसलो, पाय सीटवर घेतले, आणि प्रयोग केला. किल्ली फिरवली, फुस्स. बंद केली, गप्प. सहा वेळा केलं, सहापैकी सहा. "बघा," मी खिडकीतून जाहीर केलं, "इंजिन तापलं की तो चिडतोय!"

"पप्पा," केतकी रडवेली झाली होती, "किल्लीवर चालणारा नाग असतोय व्हय?"

तेवढ्यात व्याह्यांचा फोन. "पावणं, कुठवर आलाय?"

"दहा-पंधरा मिनिटांत," मी म्हणालो. आयुष्यातला माझा पहिला अंदाजे आकडा! घड्याळात अकरा सतरा.

गर्दी बघून समोरच्या गॅरेजचे मिस्त्री आले. त्यांनी काठीनं बॉनेट उचललं. गर्दी दहा फूट मागं. मिस्त्री वाकले, मला गाडी चालू करायला लावली, आत हात घातला आणि बोटानं काहीतरी दाबलं. फुस्स थांबलं. काटा आठशेवर! बोट काढलं, पुन्हा थडथड.

"हितनं हवा वढतंय इंजिन. नळी निघालीया." मग त्यांनी करंगळीएवढी काळी रबरी नळी वर धरली. तिला एक लिंबू आणि सात मिरच्या लटकत होत्या. "ह्ये कुनी बांधलं?"

सौभाग्यवती पुढे झाल्या. "अवो! ही तर मी सकाळी पुढं नंबरप्लेटवर बांधलेली!"

खरं आहे. पण लिंबामागं नंबरातला आठ झाकला जात होता. सगळे आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत, असा नियम आहे. म्हणून मी ती गुपचूप सोडून बॉनेटच्या आत, हाताला लागेल त्या नळीला बांधली होती. पक्की, पाच गाठी मारून. प्रत्येक गाठ ओढून तपासली होती. पाचव्या गाठीला नळी थोडी सैल लागली, हेही मला आठवलं. पण ते मी तिथं बोललो नाही.

"नाग घावला रं!" बाजीराव माझ्याकडं बोट दाखवून ओरडले. "चष्मा घालतोय!"

मिस्त्रींनी नळी बसवली. अकरा सव्वीस. पुढं तेरा किलोमीटर उरले होते. मी दर किलोमीटरला वेळ सांगत होतो, तेही नंतर "गप्प बसा" म्हणून बंद करण्यात आलं. अकरा एक्केचाळीसला आम्ही मांडवात शिरलो आणि बेचाळीसला केतकी पाटावर बसली. टिकली कपाळावर होती.

साखरपुडा झाला. मग आमच्यातल्या रिवाजाप्रमाणे लग्नाची याद लिहायला घेतली: कोणी काय करायचं, ते सगळ्यांसमोर कागदावर. अक्षर चांगलं म्हणून लेखणी माझ्याकडं.

व्याही म्हणाले, "आमचं मागणं काय न्हाय. एकच कलम घाला." त्यांनी बाजीरावांकडं पाहिलं. बाजीराव छताकडं बघत होते. "लग्नादिवशी मुलीच्या वडलांनी कुठल्याबी गाडीचं बॉनेट उघडायचं न्हाय."

मांडव हसला. मी ते कलम सुवाच्य अक्षरात लिहिलं, वाचून दाखवलं, आणि 'कुठल्याबी' हे मोघम वाटलं म्हणून कंसात स्वतःहून भर घातली: 'वऱ्हाडाच्या बससह.'