लई गोड झालेलं गाणं

सोलापुरातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत ती बरीच वर्षं येते. वरातीत वाजणारी तिची पॉप गाणी मीच रेकॉर्ड केली आहेत. एका जागी उभं राहून गाणं तिला जमत नाही. माईकपुढे येरझारा घालताना हेडफोनची वायर पायात गुंडाळून घेते.

या उन्हाळ्यात तिने जमैकातली 'रेगे' नावाच्या संथ ठेक्यातली जुनी गाणी मराठीतून गायला घेतली. "गुलाम करून नेलेल्या माणसांच्या नातवंडांची गाणी हायत ही," ती म्हणाली. "आमच्या वस्तीत लगेच कळतील की."

पहिलंच गाणं तिने असं गायलं, की कीबोर्डवाल्याने टाळ्या वाजवल्या. ती मात्र ते परत परत ऐकत नखं खात बसली.

"लई गोड झालंय. पुसून टाका, दादा."

मी "बरं" म्हणालो आणि गुपचूप ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने विचारलं, "पुसलं न्हाय ना तुमी?"

मला खोटं बोलता आलं नाही. ती चिडली नाही. तिने ते गाणं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. मग आत जाऊन पुन्हा गायली. शेवटच्या कडव्यात तिचा आवाज फाटला. थांबवायला मी हात उचलला, तर काचेपलीकडून तिने नकारार्थी मान हलवली आणि तशीच गात राहिली.

तेच गाणं अल्बममध्ये गेलं. माझ्या कानात अजून पहिलं, पुसलेलं गाणंच आहे. तिला ते सांगायची हिंमत होत नाही.