सर्व्हरची चार मिनिटं

सहा वर्षांनी पुन्हा नोकरी धरून ती आमच्या ऑफिसात आली. घरी जुळी मुलं. दिवसभर ती दोघं सासूबाईंच्या अंगावर, आणि संध्याकाळपर्यंत त्या हात टेकायच्या. त्यामुळे ही साडेपाचला निघायचीच. तीन महिने चाचणीवर होती. जमलं तर कायम, नाहीतर नारळ.

मी तिथे अकरा वर्षं जावा या संगणकाच्या भाषेत कोड लिहितोय. सगळे मला दादा म्हणतात. कोड बदलला की सर्व्हर बंद करायचा, परत चालू करायचा, चार मिनिटं थांबायचं, मग बदल दिसायचा. तेवढ्यात सगळे चहाच्या मशीनपाशी जमायचे आणि मी बोलायचो. खरं सांगतो, ऑफिसात मला भाव होता तो त्या चार मिनिटांपुरताच.

हिने दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांच्या सामाईक सेटिंग फाइलमध्ये एक ओळ 'चालू' केली. आता कोड सेव्ह केला की सर्व्हर तो आपणहून उचलायचा. दिवसाला तीसेक वेळा चार मिनिटं, म्हणजे तिचे दोन तास वाचले. सगळ्यांचेच वाचले. खुर्चीवरून कुणी उठेना. मशीनपाशी मी एकटा. अकरा वर्षांत हे मला का सुचलं नाही, असं कुणी विचारलं नाही. मीच रोज स्वतःला विचारायचो आणि तिच्यावर जळायचो.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी साहेब तिचं काम बघायला बसणार होते. त्या दिवशी मी लवकर आलो आणि ती ओळ 'बंद' केली.

साहेबांसमोर तिने पानाचा मथळा बदलला, सेव्ह केला. पान जुनंच. पुन्हा केलं, तरी जुनंच. तिचे कान लाल झाले आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. मग तिने फाइलचा इतिहास उघडला. प्रत्येक बदलाखाली नाव आणि कारण लिहायचं, हा नियम मीच घालून दिलेला. बोटांना सवय. नाव माझं, वेळ नऊ बारा, कारण: 'सर्व्हर मंद होतो.'

साहेबांनी वाचायच्या आत तिने स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली. आपल्याकडूनच बघायचं राहिलं, म्हणाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, अजून तीन महिने चाचणीवर राहा म्हणाले आणि उठले.

साडेपाचला पर्स खांद्याला लावून ती माझ्या टेबलाशी थांबली.

"दादा, कारण लिहायला तुम्हीच शिकवलंत ना मला? मग खरं तेवढं लिहा."

ती जिना उतरली. मी फाइल उघडली, ओळ 'चालू' केली. कारणाच्या रकान्यात 'सकाळी हेव्यापोटी मी बंद केली होती' असं लिहिलं आणि साहेबांना बोलवायला उठलो.