आंब्यावरची नाळ

आमच्या ओतीला गाडीत बसायचं म्हटलं की ताप भरायचा. आता हसू येतं सांगताना, पण तेव्हा घरात कुणी हसत नव्हतं. पिशवी भरली की कपाळ गरम, गाडीचा भोंगा वाजला की दात वाजायला लागायचे. आणि पोरगी शिकायला निघाली होती अकापुल्कोला, विद्यापीठात, नर्स आणि सुईण दोन्ही एकाच पदवीत. तसं शिकलेलं आमच्या सान नार्सिसो गावात तोवर कुणी नव्हतं. इथे एक तर सुई टोचणारी बाई यायची, नाही तर चोना आजी होती.

चोना आजी म्हणजे ओतीची आजी, आईची आई. खाडीच्या या काठावरची निम्मी माणसं तिच्या हातात पहिल्यांदा रडली. ओती आणि तिचा भाऊ लिनो पण तिच्याच हातून जन्मले. जुळे. आधी ओती आली, मग लिनो, तो पण उलटा, पाय पुढे करून. आजी म्हणायची, ओती घाईत आली आणि लिनोला यायचंच नव्हतं.

आता आमच्याकडे नाळ वाळून पडली की ती टाकत नाहीत. मुलीची नाळ लहानशा मडक्यात घालून चुलीखाली पुरायची, म्हणजे ती घर धरून राहते. मुलाची झाडावर उंच बांधायची, म्हणजे तो हिंडतो, कमावतो, समुद्राला भीत नाही. हे सगळं सुईण करते, आईबापानं हात लावायचा नाही. आजीनं तसंच केलं, ओतीची चुलीखाली, लिनोची अंगणातल्या आंब्यावर.

पण झालं काय, वाढली दोघं भलतीच. ओती भाकरी टाकायला बसली की एक बाजू कोळसा आणि एक बाजू कच्ची, कारण हिचं ध्यान रस्त्याकडे. आजीला बोलावणं आलं की ही कंदील घेऊन पुढे. आणि लिनोला बाप होडीतून मासे धरायला न्यायचा तर हा काठ दिसेनासा झाला की ओकायचा. घरी आला की गपचूप चुलीपाशी, मिरच्या भाजायच्या, वाटायच्या, मीठ चाखायचं. शेजारची दोमितिला त्याला चिडवायची, "लिनो, तुला लुगडं आणू का?" तो म्हणायचा, "आण, पण जेवायला येऊ नकोस मग." दोमितिला रोज जेवायला यायची.

ओती परीक्षेत पास झाली तो दिवस सगळ्यांना आठवतो. दोमितिलाकडे गावातला एकच फोन होता आणि छपरावर कर्णा. कुणाचा फोन आला की ती कर्ण्यावरून हाक मारायची आणि माणूस पळत यायचा. त्या दिवशी ओतीच्या मैत्रिणीनं शहरातून फोन केला, भिंतीवर नावं लागलीत, ओतिलियाचं, म्हणजे आपल्या ओतीचं, नाव आहे. दोमितिलाला धीर कुठला. ओतीला बोलवायच्या ऐवजी तिनं कर्ण्यावरूनच सगळ्या गावाला सांगून टाकलं. ओती विहिरीवर होती. बादली तशीच विहिरीत पडली ती पडलीच. बापानं मासे विकायचे सोडून घरी आणले, लिनोनं मोठ्ठं भांडं भरून मक्याच्या दाण्यांचं, मटणाचं पोसोले रांधलं, आईनं पांढरं कापड आणून तिथल्या तिथं गणवेश बेतला. एकट्या आजीला ते रुचलं नाही. म्हणाली, "माझ्यापाशी शिकली असती. पण जाऊ दे. नाळ ओढेल तिला परत."

हे वाक्य ओतीच्या डोक्यात बसलं, बरं का. आजीनं शाप नव्हता दिला, आजीला तसंच वाटत होतं. पण ओतीला पण तसंच वाटायचं. आमच्यात कुणाला वाटत नाही?

पहिली दोन वर्षं तिनं काढली. तिकडे गेली की ताप उतरायचा आणि मग ती सुटायची वाऱ्यासारखी. सुट्टीत आली की आमची सुटका नाही. सगळ्यांचा रक्तदाब तपासायचा, दोमितिलाचा तर दिवसातून दोनदा. लिनोला खाटेवर पाडून पेशंट करायची, चादर कशी बदलायची दाखवायला. तो म्हणायचा, अगं मेलो नाहीये मी अजून. तिकडे रबराची बाई होती म्हणे, तिच्यातून रबराचं बाळ काढायचं, आणि ओतीनं पहिल्यांदा इतकं जोरात ओढलं की बाळ हातातून सुटून शिकवणाऱ्या बाईंच्या पायाशी. हे सांगताना ती उभी राहून सांगायची, हातवारे करत, आणि आजी तोंड फिरवून हसायची.

तिसऱ्या वर्षी खरं काम आलं. बाळंतपणाच्या खोलीत उभं राहायचं. नर्सिंगचं तोवर निभावलं होतं, पण हे म्हणजे पदवीचा दुसरा पाय. तो नाही टेकला तर अख्खं शिक्षण लंगडं. आणि पहिल्याच दिवशी ओती त्या खोलीत धाडकन पडली.

कशी पडली हे तिलाच कळेना. आजीच्या मागे तिनं लहानपणापासून बायका मोकळ्या होताना पाहिल्या होत्या. पण तिथे बाई उकिडवी बसलेली असते, आढ्याच्या दोरीला धरून, मागून कुणी कंबर दाबतंय, चुलीवर काढा उकळतोय, बायका बोलतायत. इथे लख्ख दिवे, लोखंडाचं टेबल, थंडगार, आणि ती बाई एकटी आडवी. ओतीच्या पोटात बेंबीपाशी काहीतरी ओढलं गेलं, आणि मग तिला फरशीच दिसली. तिच्या शिक्षिका लेओनिदेस बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, मी तर दोनदा पडले होते, सोमवारी ये परत. मधे मृतांच्या सणाची सुट्टी होती. सोमवारी जी उभी राहणार नाही तिचं वर्ष गेलं.

ओती घरी आली ती सगळी पुस्तकं घेऊन. तेव्हाच आईला कळलं.

सणाचा दिवस. दारात झेंडूच्या माळा, वेदीवर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या. दुपार कलली की घरातले मेलेले जेवायला येणार म्हणून चुलीवर तामाल्यांचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या पुडक्यांचं, भलं मोठं भांडं चढवलेलं, केळीच्या पानात बांधलेले, नुकती वाफ धरत होती. ओती खाली मान घालून पानं पुसत बसली आणि म्हणाली, "मी जात नाही आता. आजीचं खरंय. ओढते ती."

बाप उठून बाहेर गेला. लिनो मिरची वाटत होता. त्यानं वरवंटा थांबवला.

"आजी, एक विचारू? मारू नकोस."

"मारण्यासारखं असेल तर मारीन."

"मला समुद्रात नेलं की मी ओकतो. हिला चुलीपुढं बसवली की भाकरी जळते. आजी, तू आमच्या नाळा उलट्या ठेवल्यास."

आजीनं हातातला झेंडू खाली ठेवला. "गाव जन्माला आलंय माझ्या हातून. एकाची नाळ दुसऱ्याला लावणारी बाई नाही मी. तू ओकतोस कारण होडीत बसण्याआधी तू चारजणांचं खातोस."

दोमितिला दारातून म्हणाली, हे मात्र खरं आहे. लिनो म्हणाला, तू गप, तुझं जेवण माझ्या हातात आहे. आणि मग आई, जी आजीपुढं कधी तोंड उघडायची नाही, ती हळूच बोलली. दोघांच्या नाळा एकाच पहाटे पडल्या होत्या. तिनं दोन्ही एकाच फडक्यात ठेवल्या. आणि आजी त्या दिवशी पलीकडच्या गावातून आली होती, दोन रात्री एका अडलेल्या बाईपाशी जागून, उभ्या उभ्या झोपत होती.

आजीनं चुलीकडे पाहिलं. मुलीच्या नाळेला ती लाल दोरा बांधायची, मुलाच्याला निळा. हे सगळ्यांना माहीत होतं.

"चूल काढा," आजी म्हणाली.

आईनं कपाळाला हात लावला. पितर दाराशी येऊन ठेपतील आणि तामाले कच्चे, काय वाढू त्यांना? पण लिनोनं भांडं उतरवलं पण. विस्तव बाजूला ओढला, पाणी मारलं, घर धुरानं भरलं, सगळे खोकत बाहेर आणि परत आत. बाप परत आला, त्याला वाटलं आग लागली. लिनो कोयत्यानं खणायला लागला. माती भाजून दगड झालेली, ठिणग्या उडत होत्या. दोमितिला पळत जाऊन कर्ण्यावरून सांगून आली वाटतं, कारण बघता बघता अंगण भरलं. कुणी म्हणालं लाल निघणार, कुणी निळा, पैजा लागल्या. ओती दाराच्या चौकटीला धरून उभी, पांढरीफटक.

मडकं निघालं. मुठीएवढं, काळं, तोंडाला मेण. आजीनं ते मांडीवर घेतलं, नखानं मेण खरवडलं आणि तळहातावर ओतलं. वाळक्या मिरचीच्या सालासारखं काहीतरी. त्याला दोरा होता. सगळी डोकी एकत्र वाकली.

दोरा मातीच्या रंगाचा झाला होता.

दोमितिला म्हणाली लाल आहे. लिनो म्हणाला, आंधळी आहेस का, निळा दिसतोय चक्क. बाप म्हणाला तपकिरी. आजीनं तो डोळ्यांपाशी नेला, पण आजीच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरला होता. तिनं त्याचा वास घेतला. मग जसाच्या तसा मडक्यात ठेवला.

"चुकले की नाही ते देवाला माहीत," ती म्हणाली. "पण जिनं ठेवली ती उचलू शकते. ओती, चढ आंब्यावर. रस्ता दिसेल एवढं वर बांध."

आपल्या रेबोसोची, म्हणजे अंगावरच्या ओढणीची, झालर तिनं दातानं तोडली आणि ओतीच्या हातात दिली. ओती चढली. काय चढली. परकर खोचून, वर वर, लहान फांद्या वाकायला लागल्या, आई खालून ओरडतेय बस कर, पण हिचं थांबायचं नाव नाही. वरून तिनं हाक मारली, पुलापलीकडचा रस्ता दिसतोय, गाडी येतेय. आणि ती हसायला लागली, झाडावर बसून, आणि खाली सगळं अंगण हसायला लागलं, का ते कुणाला माहीत नाही.

लिनोनं विचारलं, "आणि माझी?"

"तुझी कावळ्यानं नेली असेल कधीच," आजी म्हणाली. "बस की चुलीपाशी. तुला कोण हाकलतंय?"

चूल परत मांडली. पितर त्या वर्षी उशिरा जेवले.

सोमवारी ती गाडीत बसली. ताप आला, थोडासा, सवयीनं आल्यासारखा, आणि पुलापाशी उतरला. त्या खोलीत तिच्या वाट्याला आली ती चौथ्या खेपेची बाई, नाव मार्गारिता. ती ओतीकडे बघून म्हणाली, "पोरी, तू घाबरलीस तर घाबर, पण हात पुढे कर. हा थांबणाऱ्यातला नाही." ओतीनं हात पुढे केले. मागे लेओनिदेस बाई उभ्या होत्या, पण त्यांना हात लावावा लागला नाही. डोकं, मग खांदा, आणि मग सगळंच एकदम, गरम, निसरडं, रागावलेलं. या वेळी ओढायचं नाही, फक्त धरायचं, एवढंच ती मनात म्हणत होती. तिनं त्याला आईच्या छातीवर ठेवलं आणि पुसायला फडकं घेतलं.

फोन आला, कर्ण्यावरून आजीला हाक गेली. आजी काठी टेकत निघाली होती, पण अर्ध्या वाटेवर असतानाच कर्णा पुन्हा बोलला. दोमितिला रडत होती, शब्द धड येत नव्हते. ओतीनं बाळ धरलं, मुलगा आहे, बाई ठीक आहे, ओती उभी आहे. ओती उभी आहे, ओती उभी आहे, हे तिनं किती वेळा म्हटलं. आजी रस्त्यात थांबली, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि फोनपर्यंत गेलीच नाही. घरी परत आली आणि लिनोला म्हणाली, कोकोचं गार चिलाते कर, बर्फ जास्त घाल.

पदवीच्या दिवशी मुलींच्या डोक्यावर नर्सची पांढरी टोपी घालायला एक मानाची बाई लागते, तिला मद्रिना म्हणतात. बाकी मुलींनी डॉक्टरीणबाई आणल्या होत्या. ओतीनं चोना आजीला नेलं, गाडीत, खिडकीपाशी. आजीला दिसत नव्हतं, टोपी वाकडी लागली, पिना भलतीकडे. सरळ करायला कुणी पुढे आलं तर ओतीनं हात धरला. फोटोत टोपी तशीच आहे.

मग ओती हिंडली. आधी डोंगरातल्या दवाखान्यात सेवेचं वर्ष, मग कुठे कुठे. नदी चढलेली असताना दोरीला लटकून गेली, ट्रकच्या मागे बसून गेली. किती गावांत तिचं नाव ठेवलेल्या मुली आहेत. घरी यायची ती पाहुणीसारखी, लिनोच्या हातचं जेवायची आणि परत. गेल्या पावसाळ्यात ती गेली. पोटाचं दुखणं होतं, स्वतः नर्स असून दाखवायला उशीर केला. तिकडेच गेली, आणली मात्र घरी.

आता वाकड्या टोपीचा फोटो वेदीवर आहे, आजीच्या शेजारी. सणाच्या आदल्या दिवशी दोमितिला म्हणाली, मडकं उतरवा आणि चुलीखाली ठेवा, म्हणजे तिला घरची वाट सापडेल. लिनोला पटलं. या वयात चढला झाडावर, दम खात, शिव्या देत. वर पोचला. खालून विचारलं, आहे का?

तो म्हणाला, आहे. पण फांदी वाढलीय मडक्याभोवती, अर्धं झाडात गेलंय. काढायचं तर फांदी तोडावी लागेल.

मग विचारलं नसताना म्हणाला, इथून पुलापलीकडचा रस्ता दिसतो.

मडकं तिथेच सोडून उतरला तेव्हा गुडघे सोललेले होते. हात धुतले आणि तामाल्यांचं झाकण काढून बघितलं. या वर्षी ते वेळेवर शिजले.