ब्लॅकवुडची उघडी रंध्रं

स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा ब्लॅकवुडच्या फळीवरून फिरवला, की क्षणार्धात तिच्यातून गडद मधाचा रंग वर येतो, त्यात सोनेरी लाटा हलू लागतात, आणि तो थंड, झोंबरा वास नाकात शिरेपर्यंत सगळं उडूनही जातं. उरते ती फिकट, कोरडी, असंख्य बारीक छिद्रांची पाठ. महामारीच्या पहिल्या पानगळीत, जी इथे दक्षिण गोलार्धात एप्रिलमध्ये येते, केलीव्हिलमधल्या आमच्या गराजमध्ये, मी हा खेळ दिवसातून दहादा खेळत असे. माझ्या हातची ही चौथी गिटार. आधीच्या तिघींना मी शिकाऊपणाबद्दल माफ करून टाकलं होतं. हिला मात्र आरशाची झळाळी द्यायची होती, आणि झळाळी हवी तर लाकडाची रंध्रं आधी बुजवायला हवीत.

कशाने बुजवायची? तुम्हाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. वाटू द्या! पाण्यात कालवलेलं फिलर पुढे आक्रसतं आणि एकेक छिद्र पॉलिशखालून पुन्हा डोकं वर काढतं. पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी, म्हणजे दोन बाटल्यांतली रसायनं मिसळून बनणारी राळ, रंध्रात उतरण्याआधीच आळतं आणि वर चिकट राहून सँडपेपरची वाट लावतं. आणि हार्डवेअरच्या दुकानातला गृहस्थ नेमकं तेच माझ्या गळ्यात मारत होता, "फाइव्ह-मिनिट घे मेट, नो वरीज!" चार महिने घडवलेल्या वस्तूची पाच मिनिटांत बोळवण? माझं डोकंच फिरलं. मला हवं होतं ते पातळ, मंद, दोन दिवस सावकाश मुरणारं एपॉक्सी, जे जुन्या प्लॅस्टिक कार्डाने ओढलं की छिद्राच्या तळापर्यंत जातं आणि ओल्या लाकडाचा तो क्षणभंगुर रंग कायमचा धरून ठेवतं. मात्र ते कातडीला वरचेवर लागलं तर कातडी अशी बिथरते, की पुढे जन्मभर ते सोसत नाही. त्यासाठी हातमोजे हवेत, आणि ते माझ्याकडे होते. फेब्रुवारीत आणलेली, शंभर निळ्या मोज्यांची न फोडलेली पेटी, वॉर्निशच्या डब्यामागे.

त्या दिवसांत मी सदा संतापलेला असे. टॉयलेट पेपरच्या गाड्या भरभरून नेणाऱ्या लोकांवर, रिकाम्या फडताळांवर, टीव्हीवरच्या गुळगुळीत पुढाऱ्यांवर. इतकी कशी ही माणसं अप्पलपोटी, असं मी वसईच्या भावालाही फोनवर तावातावाने ऐकवत असे. फिलू, माझी बायको, वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करते. दुपारी शिफ्ट संपवून ती यायची, बूट दाराबाहेर काढायची आणि म्हणायची, "आजपण दोनच जोड दिले रे. आठ तासांना दोन. एका आजींना पुसायचं, वरून सॅनिटायझर चोळायचं, की त्याच ग्लव्ह्जनी पुढच्या रूममध्ये." हे ऐकून मी भडकत असे. त्या होमच्या मॅनेजरला, सरकारला, साऱ्या व्यवस्थेला अर्धा अर्धा तास शिव्या घालत असे. आणि मग गराजमध्ये जाऊन पेटी नीट झाकलेली आहे ना, ते पाहत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मला लागणार होते जेमतेम सहा जोड. पेटीत पन्नास होते.

नऊ दिवस मी एपॉक्सी निवडत होतो. कुठलं पिवळं पडतं, कुठलं थंडीत अडून बसतं, कुणाचं प्रमाण दोनास एक, कुणाचं तीनास एक. किती सूक्ष्म विवेक! निवडीवर इतकी बुद्धी खर्च करणाऱ्या माणसाला दुसरी निवड समोर दिसत नव्हती, असं मी म्हणणार नाही. दिसत होती. नवव्या दिवशी बाटल्यांचं पार्सल आलं, मी पेटी बाहेर काढली, आणि तेवढ्यात फिलू चहा घेऊन आत आली. कपाभोवतीची तिची बोटं पेरापेरांवर उकललेली होती, भेगांतून लाल मांस दिसत होतं.

"घे ही," मी म्हणालो.

"कधीपासून आहे?"

"फेब्रुवारीपासून."

तिने पेटी उलटसुलट केली. "एक्स्ट्रा लार्ज," ती वाचून म्हणाली. मग पेटी फोडली, त्यातले सहा जोड मोजून बाकावर ठेवले आणि म्हणाली, "तुझं काम अडायला नको." ती ओरडली असती तर मला केवढं बरं वाटलं असतं! ते सहा जोड मी गुपचूप तिच्या बॅगेत टाकले. दुसऱ्या दिवशी ते ढगळ मोजे हातावर राहावेत म्हणून ती कोथिंबिरीच्या जुड्यांची रबरबँडं घेऊन शिफ्टला गेली.

एपॉक्सीच्या बाटल्या मी उघडल्याच नाहीत. गिटारला नुसतं तेल पाजलं. आता घरी येणारे मित्र तिच्या पाठीवरून बोट फिरवतात, छिद्रं चाचपतात आणि म्हणतात, "मस्त नॅचरल ठेवलंयस, मुद्दाम ना?" मी म्हणतो, "हो, आवाज मोकळा राहतो." खोटं इतकं सफाईने येतं, की स्वतःचीच चीड येते. फिलू शेजारी बसलेली असते.